स्टेम सेल सेंटरची कन्सल्टेशन : पाचपैकी दीड तारा

दीड तारा कशाकशाचा, ते आधी सांगून टाकतो. अर्धा तारा दिलेल्या वेळेला आत बोलावलं म्हणून; मुंबईत डॉक्टरकडे ही चैन सहसा वाट्याला येत नाही. एक तारा रिसेप्शनवरच्या मुलीला. बसल्या बसल्या माझ्या सेन्सरने शुगर उतरत असल्याचा इशारा दिला, तेव्हा "सर, साखर देऊ की ज्यूस?" एवढंच विचारून तिने आतून फ्रूटी आणून हातात ठेवली. उरलेले साडेतीन तारे मूळ उपचारासाठी राखून ठेवले होते. ते तसेच घरी परत नेले.

सेंटरचं नाव लिहीत नाही. पश्चिम उपनगरात आहे, काचेची इमारत, मेट्रोतून उतरून चालत जाता येतं. नाव लिहिलं की मजकूर उडतो आणि वर वकिलाची नोटीस येते, हा भाग आहेच. पण खरं सांगायचं तर नावाने फरकही पडत नाही. तिथून आल्यावर मी दुसऱ्याही ठिकाणचं माहितीपत्रक मागवून पाहिलं. फोटो वेगळे, मजकूर जवळजवळ तोच.

मला टाईप वन डायबिटीस आहे, 1996 पासून. म्हणजे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. सातवीत होतो. राहतो डोंबिवलीला, नोकरी फोर्टला, एका विमा कंपनीत मेडिक्लेमचे दावे तपासण्याची. डिस्चार्ज समरी, बिलं, रिपोर्ट हेच दिवसभर वाचायचं. त्यामुळे कागद हातात पडला की मी तो आधी उलटा करून मागची बारीक अक्षरं बघतो. ही सवय लग्नपत्रिकेलाही लागू होते, असं बायको म्हणते.

सेंटर शोधलं आत्याने. आत्या गिरगावात राहते, महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, आणि मला पहिलं इंजेक्शन टोचायला माझ्या आईच्या आधी ती शिकली होती. त्यामुळे माझ्या आजारावर तिचा हक्क आहे. फेसबुकवर स्टेम सेलची, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशींची, जाहिरात बघून तिने फोन केला.

"अरे, स्टेम सेल म्हणे. सुई कायमची बंद."

"कोणाच्या पेशी, आत्या?"

"ते तू विचार. मी शनिवारची अपॉइंटमेंट घेतली आहे."

कन्सल्टेशनचे दीड हजार रुपये आगाऊ. परत मिळत नाहीत, पॅकेज घेतलं तर त्यात वळते होतात. आधी एक काउन्सेलर बाई, मग डॉक्टर. काउन्सेलर बाईंनी टीव्हीवर ॲनिमेशन लावलं: राखाडी पडलेलं स्वादुपिंड, वरून निळे ठिपके येतात, स्वादुपिंड गुलाबी होतं. मग दरपत्रक. पोटाची चरबी काढायची, त्यातून स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी सलाईनमधून हातातल्या शिरेत सोडायच्या, अशा तीन बैठकांचे साडेतीन लाख. नाळेतल्या पेशी हव्या असतील तर पाच लाखांच्या वर. "त्या जास्त तरुण असतात," असं बाई म्हणाल्या. आत्याने वहीत लिहून घेतलं: तरुण, दीड लाख जास्त.

आता तारे का कापले ते. माझ्याकडे पाच प्रश्न होते आणि त्यातला एकही अवघड नव्हता.

पहिला प्रश्न: या पेशी बीटा पेशी होणार आहेत का? स्वादुपिंडात सुमारे दहा लाख छोटे पुंजके असतात, त्यांना आयलेट म्हणतात, आणि त्यातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. माझ्या बीटा पेशी जवळजवळ संपल्या आहेत. बदली पेशी द्यायच्या तर त्या बीटा पेशीच असायला हव्यात, निदान साखर मोजून त्या हिशोबाने इन्सुलिन सोडणाऱ्या तरी. डॉक्टर म्हणाले, "स्टेम सेलला कळतं कुठे दुरुस्ती करायची." हे वाक्य ऐकायला फार छान आहे. पण चरबीतून किंवा नाळेतून मिळणाऱ्या या मेसेन्कायमल पेशी शरीरात सोडल्यावर आपोआप बीटा पेशी होत नाहीत. प्रतिकारशक्तीवर त्यांचा थोडाफार शांत करणारा परिणाम होतो का, यावर संशोधन चालू आहे. तो संशोधनाचा विषय झाला, साडेतीन लाखांच्या दरपत्रकाचा नव्हे.

स्टेम सेलपासून खरी बीटा पेशी बनवणं किती किचकट आहे, ते डग्लस मेल्टन यांच्या कामावरून कळतं. हार्वर्डमध्ये दीर्घकाळ काम केलेले हे जीवशास्त्रज्ञ. 1991 मध्ये त्यांच्या तान्ह्या मुलाला टाईप वन निघाला, पुढे मुलीलाही. त्यांनी बेडकावरचं आपलं संशोधन गुंडाळलं आणि बीटा पेशींच्या मागे लागले. साखरेला नीट प्रतिसाद देणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत मोठ्या संख्येने बनवायची रीत त्यांच्या गटाने 2014 मध्ये प्रसिद्ध केली. मधली वीसेक वर्षं त्यात गेली. त्या रीतीतही पेशींना टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या क्रमाने वेगवेगळी रसायनं देत आठवडेच्या आठवडे वाढवावं लागतं. सकाळी चरबी काढून दुपारी सलाईन लावायचं, असा प्रकार तिथे नाही.

दुसरा प्रश्न: हातातल्या शिरेतून सोडलेल्या पेशी स्वादुपिंडापर्यंत जाणार कशा? उत्तर: "होमिंग होतं," म्हणजे पेशी आपली जागा आपणच शोधतात. शिरेतून दिलेल्या अशा पेशींपैकी बहुतेक आधी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, ही जुनी आणि माहीत असलेली गोष्ट आहे. जिथे खऱ्या आयलेट देतात, तिथे त्या स्वादुपिंडात टाकायच्या फंदात कोणी पडत नाही. यकृताला रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतून त्या यकृतात सोडतात. इन्सुलिनचं पहिलं मोठं काम यकृतातच असतं आणि स्वादुपिंडाला हात लावला तर ते चिडतं, सुजतं. आत्याला ही बाब फार आवडली. "म्हणजे बदली शिक्षक दुसऱ्याच शाळेत बसून शिकवणार," असं ती म्हणाली, आणि डॉक्टर प्रथमच हसले.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र हसणं थांबलं, आणि माझ्या मते सगळं परीक्षण या एका प्रश्नावर उभं आहे. नव्या पेशी आल्या असं धरून चालू. त्यांना माझं शरीर मारणार नाही, यासाठी तुम्ही काय देणार?

"तुमच्याच पेशी आहेत ना, सर. शरीर त्यांना नाकारणार नाही."

पण माझ्या पहिल्या बीटा पेशीही माझ्याच होत्या. त्यांनाच तर शरीराने मारलं. टाईप वनमध्ये स्वादुपिंड थकलेलं नसतं. रोगप्रतिकारक यंत्रणा बीटा पेशींना शत्रू ठरवून वेचून मारते. गोड खाण्याशी याचा संबंध नाही, वजनाशी नाही. सेंटरच्या तक्त्यात टाईप वन आणि टाईप टू एकाच रकान्यात होते, तेव्हाच मला शंका आली होती.

या मुद्द्याचा पुरावा जुना आहे आणि काहीसा क्रूर आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड सदरलँड यांच्या पथकाने एकसारख्या जुळ्या भावंडांवर शस्त्रक्रिया केल्या. एकाला टाईप वन, दुसरा निरोगी. निरोगी भावंडाच्या स्वादुपिंडाचा तुकडा आजारी भावंडाला. जुळी हुबेहूब, त्यामुळे अवयव परका ठरण्याची भीती नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली नाहीत. अवयव खरंच नाकारला गेला नाही. पण त्यातल्या बीटा पेशी तेवढ्या शोधून मारल्या गेल्या आणि मधुमेह परत आला. इतकी वर्षं शरीर आपली जुनी दुश्मनी विसरलं नव्हतं.

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रत्येक पेशंट वेगळा असतो." आत्याने वही मिटली. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे उंदीर घरातच आहे आणि हे नवीन धान्याची पोती आणून ठेवणार." याहून नेमकं मला आजवर कोणत्याही एंडोक्रायनॉलॉजिस्टने समजावलेलं नाही.

माहितीपत्रकात ब्राझीलच्या एका प्रयोगाचा उल्लेख होता, आणि तिथे त्यांची हुशारी मान्य करावी लागेल, कारण प्रयोग खरा आहे. झुलिओ व्होल्तारेल्ली यांच्या गटाने तो 2007 मध्ये प्रसिद्ध केला. 15 रुग्ण, त्यातल्या 14 जणांचं इन्सुलिन काही काळ सुटलं. माहितीपत्रक इथे थांबतं. न सांगितलेला भाग असा, की त्या सगळ्यांचं निदान नुकतंच, जेमतेम काही आठवड्यांपूर्वी झालेलं होतं, म्हणजे त्यांच्या काही बीटा पेशी जिवंत होत्या. आणि त्यांना आधी कडक केमोथेरपी देऊन प्रतिकारक यंत्रणा जवळजवळ पुसून टाकली, मग त्यांच्याच रक्तातल्या मूळ पेशींनी ती नव्याने उभी केली. त्यात बदली बीटा पेशी कोणी दिल्याच नव्हत्या. पुढे बऱ्याच जणांना इन्सुलिन पुन्हा सुरू करावं लागलं. चरबी आणि सलाईनच्या पॅकेजला हा दाखला जोडणं म्हणजे दुसऱ्याच्या बायपासचं बिल लावून माझ्या दाताचा क्लेम करण्यासारखं आहे, आणि असे क्लेम मी पाहिले आहेत.

चौथा प्रश्न सी-पेप्टाइडचा. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा एका मोठ्या रेणूचे तुकडे होतात, एक इन्सुलिन आणि त्याच्यासोबत एक सी-पेप्टाइड. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. म्हणून रक्तात ते सापडलं तर शरीरातच कुठेतरी इन्सुलिन तयार होतंय, हे सिद्ध होतं. थापा मारायला जागा नाही अशी ही चाचणी. मी विचारलं, तुमच्या टाईप वनच्या रुग्णांचं उपचाराआधीचं आणि वर्षभरानंतरचं सी-पेप्टाइड दाखवता का? नावं झाकून दाखवा. त्यांनी व्हिडिओ दाखवले. एक काका म्हणतात, खूप फ्रेश वाटतं. एक बाई म्हणतात, गोळ्या कमी झाल्या. गोळ्या! टाईप वनचं गोळ्यांवर भागतच नाही.

पाचवा प्रश्न कागदपत्रांचा, म्हणजे माझ्या धंद्यातला. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, स्टेम सेलविषयीची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे मान्य उपचार सोडले, तर स्टेम सेलचा वापर फक्त संशोधन म्हणून, मंजुरी घेतलेल्या चाचणीतच करायचा, आणि त्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं त्यात आहे. अशा चाचणीची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, असते. मी नोंदणी क्रमांक मागितला. काउन्सेलर बाई आत जाऊन आल्या आणि त्यांनी संस्थेचं आयएसओ प्रमाणपत्र आणून दाखवलं. फ्रेम चांगली होती.

संमतिपत्र घरी वाचायला मागितलं तर "ते उपचाराच्या दिवशी देतो." एवढं एक उत्तर पुरेसं आहे उठून यायला. सही करायचा कागद आधी दाखवत नाहीत, तिथे सही करायची नाही. विम्याचा एजंट असो की सर्जन.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस सगळ्याच स्टेम सेलच्या विरोधात दिसतो. उलट आहे. मी या विषयाकडे आशेने डोळे लावून बसलेला माणूस आहे, म्हणूनच राग येतो. खरा माल कसा असतो, ते सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही.

2000 साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शापिरो आणि सहकाऱ्यांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या आयलेट सात जणांना दिल्या. सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. त्याआधीच्या बहुतेक प्रयत्नांना अपयश आलं होतं. त्यांनी केलेला मोठा बदल म्हणजे स्टेरॉइड टाळून वेगळी औषधं वापरली, कारण स्टेरॉइड मुळातच साखर वाढवतं. त्या वर्षी मी कॉलेजात होतो आणि पेपरातली ती बातमी कापून ठेवली होती. पण पुढचा हिशोबही त्याच गटाने प्रामाणिकपणे मांडला: पाच वर्षांनी जेमतेम दहा टक्के लोक इन्सुलिनशिवाय होते. सुमारे ऐंशी टक्क्यांमध्ये सी-पेप्टाइड मात्र टिकून होतं, म्हणजे पेशी थोड्याफार काम करत होत्या आणि बेशुद्ध करणारे लो, म्हणजे साखर एकदम उतरण्याचे झटके, टळत होते. सेंटरवाल्यांनी मला असा एक जरी वाईट आकडा सांगितला असता तरी मी त्यांना आणखी एक तारा दिला असता.

यातली दुसरी अडचण दाते. एका रुग्णासाठी बहुधा एकाहून जास्त स्वादुपिंडं लागतात. मुंबईत मृत्यूनंतरच्या अवयवदानाचं काम झेडटीसीसी ही समन्वय संस्था बघते. नुसत्या मूत्रपिंडासाठी वर्षानुवर्षं डायलिसिसवर थांबलेल्या माणसांच्या फाइली माझ्या टेबलावरून जातात. तिथे आयलेटसाठी दोन-दोन स्वादुपिंडं कुठून आणणार? अमेरिकेने 28 जून 2023 रोजी दात्याच्या आयलेटपासून बनवलेल्या लँटिड्रा या पहिल्या पेशी-उपचाराला मान्यता दिली. 30 जणांत 21 जण वर्षभर किंवा जास्त इन्सुलिनशिवाय राहिले, आणि पाच जणांना एक दिवसही इन्सुलिन सोडता आलं नाही. तिथेही दाते लागणारच.

म्हणून स्टेम सेल. मेल्टन यांनी काढलेली कंपनी व्हर्टेक्स या औषध कंपनीने 2019 मध्ये विकत घेतली, आणि आता त्या उपचाराचं नाव आहे झिमिसलेसेल. जून 2025 मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध झाले. सुमारे 80 कोटी पेशींचा एकच डोस पोर्टल शिरेतून यकृतात. पूर्ण डोस मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जणांना वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. बाराही जणांचे गंभीर लो थांबले आणि एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, सातच्या खाली आला. मी हे वाचलं तेव्हा ऑफिसात होतो, आणि उठून थोडा वेळ व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

मग मागची बारीक अक्षरं. सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू, पेशी जिवंत ठेवायच्या तोवर ती चालूच. या चाचणीत दोन मृत्यू झाले. एक क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे झालेल्या मेंदूच्या आवरणाच्या दाहाने, दुसरा आधीपासूनचा मेंदूचा आजार बळावून. पेशींनी थेट कोणाला मारलं असा त्याचा अर्थ नाही. पण असले जंतुसंसर्ग डोकं वर काढतात ते बहुतेकदा प्रतिकारशक्ती दाबलेली असते तेव्हा. उंदीर मारण्याची किंमत ही अशी असते.

आत्याने विचारलं, हे उद्या मुंबईत आलं तर तू घेशील? मी बराच विचार करून नाही म्हटलं. माझी साखर उतरली तर मला अजून कळतं: घाम येतो, ओठ बधिर होतात. एचबीएवनसी सातच्या आसपास असतं. मी रोज डोंबिवलीहून लोकलने येतो, तीन माणसांच्या श्वासात चौथा श्वास घेत. या शहरात टीबी आहे, पावसाळ्यात लेप्टो आहे. प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून त्या डब्यात उभं राहायचं, ते फक्त सुई टाळायला? शिवाय टॅक्रोलिमससारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वर्षानुवर्षं घेतलं तर मूत्रपिंडाला त्रास देतं, आणि मधुमेह्याचं मूत्रपिंड आधीच जपून वापरायची चीज. पण आमच्या टाईप वनच्या ग्रुपमध्ये एक ताई आहेत. त्यांना लो कळतच नाही, थेट बेशुद्धी. एकदा दादरच्या पुलावर कोसळल्या. त्यांनी "हो" म्हटलं तर त्यांना चूक म्हणणारा मी कोण? ती चाचणीही अशाच, लो न कळणाऱ्या लोकांवर झाली आहे. एकच उपचार दोन माणसांसाठी वेगवेगळा ठरतो, आणि सेंटरमध्ये मला नेमकं हेच कोणी विचारलं नाही: तुम्हाला लो कळतो का?

औषधांशिवाय जमेल का, यावर जगभर धडपड चालू आहे. व्हर्टेक्सनेच पेशी एका छोट्या डबीत बंद करून शरीरात ठेवून पाहिल्या, म्हणजे साखर आणि इन्सुलिन आरपार जाईल पण मारेकरी पेशी आत येणार नाहीत. पुरेसं सी-पेप्टाइड तयार होईना, म्हणून मार्च 2025 मध्ये तो प्रयोग थांबवला. चीनमध्ये तियानजिनच्या एका 25 वर्षांच्या तरुणीला तिच्याच चरबीतल्या पेशींपासून बनवलेल्या आयलेट पोटाच्या स्नायूंच्या आवरणाखाली दिल्या. पंच्याहत्तराव्या दिवसापासून तिचं इन्सुलिन सुटलं, 2024 मध्ये ते प्रसिद्ध झालं. "बघ, चरबीच!" आत्या म्हणाली. चरबीच, पण त्या पेशींना प्रयोगशाळेत रसायनांनी आधी मूळ पेशींच्या अवस्थेत नेलं, मग आयलेट बनवलं, तपासलं, आणि मग दिलं. शिवाय त्या मुलीचं यकृत आधीच बदललेलं होतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिला चालूच होती. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे वेगळ्या कारणाने का होईना, होतं.

मला सर्वांत जास्त उत्सुकता आहे ती स्वीडनमधल्या उप्सालाच्या रुग्णाची. 42 वर्षांचा माणूस, लहानपणापासून टाईप वन. दात्याच्या आयलेट घेतल्या, त्यातल्या जनुकांत तीन बदल केले: पेशीवरची ओळख पटवणारी दोन प्रकारची चिन्हं काढली आणि "मला खाऊ नका" असा संकेत देणारं सीडी 47 हे प्रथिन वाढवलं. हाताच्या स्नायूत त्या टोचल्या. एकही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध नाही. बारा आठवड्यांनी पेशी जिवंत, सी-पेप्टाइड तयार होतंय. डोस मुद्दाम फार लहान ठेवला होता, त्यामुळे त्याचं इन्सुलिन सुटलेलं नाही, आणि तसा दावाही कोणी केला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये हे छापून आलं. एकच माणूस, पण प्रश्न नेमका.

परत सेंटरकडे. वॉशरूम स्वच्छ, एसी फार थंड, चहा मशीनचा. लिफ्टला रांग नाही. पार्किंग आहे असं सांगतात, पण शनिवारी मिळत नाही. पावती मागितल्यावर मिळाली, थोडा आवाज चढवल्यावर. पावतीवर स्टेम सेल, मधुमेह यातलं काहीही नाही. "वेलनेस सल्ला" असं लिहिलं आहे. उद्या तक्रार करायची वेळ आली तर कशासाठी पैसे दिले ते सिद्ध करताना नाकी नऊ येतील. तुम्ही कुठेही गेलात तरी बिलावर उपचाराचं नाव लिहून घ्या, ही फुकटची सूचना.

नंतर त्यांचे व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू झाले. आधी चौकशी, मग सवलत, गणपतीत "विघ्नहर्ता ऑफर" पन्नास हजार कमी. आत्याने माझ्या फोनवरून त्यांना सी-पेप्टाइडचे रिपोर्ट पाठवायला सांगितलं. मेसेज बंद झाले.

साडेतीन लाखांचा हिशोब आत्याने घरी येताना मेट्रोतच केला. मला एक सेन्सर साधारण साडेचार हजारांना पडतो, चौदा दिवस चालतो. महाग आहे म्हणून मी तो महिन्याआड लावतो. साडेतीन लाखांत तीन वर्षं सलग लावता येतो. तिने वहीतलं "तरुण, दीड लाख जास्त" खोडलं आणि त्याखाली लिहिलं: पुढच्या महिन्यापासून एक सेन्सर माझ्याकडून. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "गप बस, गोरेगाव आलं."

कोणाला कन्सल्टेशनला जायचंच असेल तर आधी घरबसल्या सीटीआरआयच्या संकेतस्थळावर जा. शोधायला पैसे लागत नाहीत. टाईप वन डायबिटीस आणि सेंटरचं नाव टाकून बघा. नोंद सापडली तर प्रायोजक कोण, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का आणि चाचणी कोणत्या टप्प्यात आहे ते वाचा, आणि ती पानं छापून बरोबर न्या. सापडली नाही, तर दीड हजार रुपये वाचले.